व्हर्जन ५.१

बेळगावहून वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यानं हिंडलगा आणि सुळगे मागं टाकलं की उचगावचा फाटा येतो. तिथून आत गावात आल्यावर माझं दुकान आहे. २००४ पासून मी इथं संगणक दुरुस्त करतो, मराठी टायपिंग करतो, लग्नपत्रिका आणि हँडबिलं जुळवून देतो. मंगळवारी-शुक्रवारी मळेकरणी देवीला येणारी माणसंसुद्धा जाताजाता एखादं काम टाकून जातात. एवढ्या वर्षांत किती मशीन उघडली याचा हिशेब मी ठेवलेला नाही. पण एका मशीननं मला जे शिकवलं, ते नीट लिहून ठेवावं असं फार दिवसांपासून मनात होतं.

ते मशीन शेजारच्या गावातल्या फोटो स्टुडिओवाल्या दादांचं होतं. २००७ चा उन्हाळा, लग्नसराई जोरात. त्या वर्षी ३० जानेवारीला विंडोज व्हिस्टा बाजारात आलं होतं आणि वर्तमानपत्रांतून त्याच्या काचेसारख्या पारदर्शक खिडक्यांची चित्रं सगळ्यांनी बघितली होती. दादांनी कॅबिनेट टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “हे व्हिस्टा करून दे की. गिऱ्हाईक शेजारी बसून अल्बम बघतंय, मशीन जुनं दिसून चालत नाही.”

मी सांगितलं, “दादा, यात २५६ एमबी रॅम आहे. व्हिस्टाला कमीत कमी ५१२ लागते, आणि ती काच दिसायला त्याहून जास्त. ग्राफिक कार्डही बदलावं लागेल.”

“मग नुसतं दिसण्यापुरतं कर.”

दिसण्यापुरतं करायची सोय होती. ‘ट्रान्सफॉर्मेशन पॅक’ नावाची सॉफ्टवेअर तेव्हा सीडीवरून हातोहात फिरत होती. एक्सपीवर पॅक चढवला की चालू होतानाचं चित्र, लॉगिनचा पडदा, स्टार्टचं बटण, आयकॉन, खिडक्यांच्या कडा असं सगळं व्हिस्टासारखं व्हायचं. मी अर्ध्या तासात ते केलं. दादा खूश झाले. मलाही अभिमान वाटला, कारण मशीन खरोखर देखणं दिसत होतं.

आठ दिवसांनी ते परत आले. “व्हिस्टा घातलंस, तरी कॅप्चर तिथंच तुटतंय.”

त्या काळात लग्नाचं चित्रण मिनी डीव्ही कॅसेटवर होई. ते संगणकात उतरवताना तासाभराच्या चित्रणाला साधारण १३ जीबी जागा लागायची. दादांच्या मशीनवर मात्र एकोणीस-वीस मिनिटं झाली की उतरवणं आपोआप थांबायचं. मंगलाष्टकं चालू असायची, अक्षता पडायच्या आत फाइल संपलेली. त्यांची समजूत अशी, की जुन्या विंडोजमुळे हे होत होतं आणि आता नवं आल्यावर थांबेल.

मी डिस्क तपासली. ती विंडोज ९८ च्या काळापासून तशीच पुढं आलेली होती, म्हणजे फॅट-३२ पद्धतीनं आखलेली. या पद्धतीत एका फाइलचा आकार ४ जीबीच्या वर जाऊच शकत नाही, आणि डीव्हीच्या वेगानं ४ जीबी भरायला तेवढीच मिनिटं लागतात. पडद्यावरची काच कितीही चकचकीत असली तरी डिस्कवर फाइल कशी मांडायची हे ती ठरवत नाही. ते काम ऑपरेटिंग सिस्टिमचं.

उपाय एक्सपीच्या पोटातच होता. मी डेटाची प्रत काढली, काळी खिडकी उघडली आणि कन्व्हर्टची एका ओळीची आज्ञा दिली. फॅट-३२ ची एनटीएफएस झाली. पडद्यावर एका ठिपक्याचाही फरक पडला नाही, पण त्या संध्याकाळी अख्खी कॅसेट एका दमात उतरली. मी पॅक चढवला तेव्हा सगळं बदललेलं दिसलं होतं आणि कामात फरक पडला नव्हता. आज्ञा दिली तेव्हा दिसलं काहीच नाही, आणि दादांचं अडलेलं काम सुटलं. हा फरक मी त्या दिवशी पाहिला, पण मनावर घेतला नाही.

तो मनावर घ्यायला पुढचं वर्ष उजाडावं लागलं.

२००८ च्या मे महिन्यात एक्सपीचा सर्व्हिस पॅक ३ आला. दादांनी कुणाकडून तरी तो घालून घेतला आणि मशीन पुन्हा चालू केलं. व्हिस्टाचं चित्र आलं, लॉगिनच्या पडद्यापाशी मशीन अडकलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. असं किती वेळा झालं ते त्यांनी मोजलंही नाही. दुसऱ्या दिवशी एका घरी अल्बम आणि सीडी द्यायची होती. रात्री नऊ वाजता ते मशीन घेऊन माझ्या दारात उभे होते.

काय झालं असावं हे मला लगेच कळलं, कारण ते मीच केलं होतं. एक्सपी फक्त मायक्रोसॉफ्टची सही असलेली थीम स्वीकारतं. ती सही तपासायचं काम यूएक्सथीम नावाची एक सिस्टिम फाइल करते. पॅक काय करतो, तर त्या फाइलमधली तपासणीच काढून टाकतो, म्हणजे परक्याची थीमही आत येते. लॉगिनचा पडदा, आयकॉन, स्टार्टचं बटण यांची चित्रंही सिस्टिमच्या वेगवेगळ्या फाइलींच्या पोटात असतात. पॅक त्या फाइली फोडून आतली चित्रं बदलतो. एक्सपीला हे मंजूर नसतं. महत्त्वाची फाइल बदलली की ते आपल्या राखीव साठ्यातली मूळ प्रत आणून ठेवतं, म्हणून पॅक हा पहाराही बंद पाडतो. अशा मशीनवर सर्व्हिस पॅक आला की काही फाइली नव्या येतात, काही फोडलेल्या जुन्याच राहतात, आणि एकमेकींशी त्यांचं जमत नाही. मी दिसण्यापुरतं म्हणून जे केलं होतं, त्यासाठी घराच्या तुळया कोरल्या होत्या.

माझ्याकडं उबुंटूची एक सीडी होती, त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या ८.०४ ची. ती घालून मशीन चालू केलं. विटकरी-तपकिरी रंगाचा, विंडोजशी कसलंच साम्य नसलेला पडदा आला. दादा घाबरून म्हणाले, “माझं सगळं गेलं काय?” मी डिस्कचं चित्र उघडलं. आत त्यांची फोल्डरं ओळीनं उभी होती, लग्नघरांच्या आडनावांनी लिहिलेली. त्या परक्या दिसणाऱ्या पडद्यामागं एक पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम होती. डिस्क वाचणारी, एनटीएफएस ओळखणारी, यूएसबीशी बोलणारी. चेहरा अनोळखी असला तरी कामाला तीच आली. पहाटे तीनपर्यंत फायली दुसऱ्या डिस्कवर उतरल्या. सकाळी मी एक्सपी पहिल्यापासून घातलं, साध्या निळ्या चेहऱ्याचं, आणि अल्बम वेळेवर पोचला.

तेव्हापासून मी गिऱ्हाइकांना हा फरक समजावून सांगायला लागलो. मेमरी कुठल्या प्रोग्रॅमला किती द्यायची, डिस्कवर फाइल कशी मांडायची, प्रिंटरशी कुठल्या भाषेत बोलायचं, कोणाला कुठं शिरू द्यायचं ही कामं ऑपरेटिंग सिस्टिम करते. डेस्कटॉप सजवणारं सॉफ्टवेअर यातलं काहीही करत नाही. ते सिस्टिमला विचारून खिडकीची कड रंगवतं. सिस्टिमनं जेवढी मोकळीक दिली तेवढंच त्याचं अंगण.

त्या खोट्या काचेचंच उदाहरण घ्या. एक्सपीमध्ये प्रत्येक खिडकी थेट पडद्यावर रंगवली जाते. म्हणून एखादा प्रोग्रॅम अडकला आणि त्याच्यावरून दुसरी खिडकी ओढली, की मागं तिच्याच चित्रांची शेपटी उरायची. एक्सपी वापरलेल्या प्रत्येकानं ती पाहिली आहे. व्हिस्टानं रंगवण्याची रीतच बदलली. प्रत्येक खिडकी आधी पडद्याआड आपापल्या कागदावर रंगवायची, मग ग्राफिक कार्डाच्या मदतीनं सगळे कागद एकावर एक ठेवून एक चित्र करायचं. त्यामुळं काच पारदर्शक होऊ शकली आणि शेपटीही गेली. पॅक लावलेल्या एक्सपीत काच दिसायची, पण प्रोग्रॅम अडकला की त्या काचेलाही शेपटी फुटायची.

हे सगळं माहीत असूनही माझ्या मनात एक शंका बरेच दिवस होती. विंडोज स्वतः तरी सुरुवातीला काय होतं? १९८५ साली आलेलं विंडोज १.० हे डॉसच्या वर चढवलेलं एक आवरणच होतं. मग एक आवरण सिस्टिम होऊ शकतं, तर दुसरं का नाही? उत्तर इतिहासातच आहे. विंडोज सिस्टिम झालं ते चेहरा सुधारला म्हणून नाही. हळूहळू त्यानं मेमरीचा कारभार आपल्या हातात घेतला, उपकरणांशी बोलणं घेतलं. १९९३ ला विंडोज एनटी आलं ते डॉसवर उभं नव्हतंच. त्याचा गाभा मुळापासून वेगळा लिहिलेला होता आणि २००१ चं एक्सपी त्याच घराण्यातलं. नाव पुढं चाललं, पण आतलं सगळं काम नव्यानं अंगावर घ्यावं लागलं. सजावटीच्या सॉफ्टवेअरनं ते काम अंगावर घेतलं तर ते सजावटीचं राहणारच नाही.

माझ्या धंद्याच्या दुसऱ्या अंगातही हाच धडा मिळाला, आणि तो मला जास्त लागला, कारण तो मराठीचा होता.

आमच्या उचगावात मराठी साहित्य संमेलन भरतं. त्या दिवसांत दुकानात मराठीचं काम भरपूर असतं. बरीच वर्षं मी ते कृतिदेवसारख्या जुन्या फाँटांत करत होतो. एकदा एक हँडबिल जुळवून पेन ड्राइव्हवर बेळगावच्या छापखान्यात नेलं. तिथल्या मशीनवर तो फाँट नव्हता. फाइल उघडली, आणि जिथं ‘उचगाव’ लिहिलं होतं तिथं एम, पी, एक्स, के, ओ ही इंग्रजी अक्षरं उभी! ‘मराठी’च्या जागी ई, जे, के, बी, एच.

छापखान्यातल्या मुलानं फाँट टाकला आणि उचगाव परत आलं. पण मी तो पडदा विसरू शकलो नाही. इतकी वर्षं मी मराठी लिहितोय असं समजत होतो, आणि संगणकाच्या लेखी मी ‘एमपीएक्सकेओ’ लिहीत होतो. फाँट फक्त एमच्या जागी उ चं चित्र काढून दाखवत होता. म्हणूनच या फाइलींत मराठी शब्द शोधता येत नव्हता, नावांची यादी अकारविल्हे लावता येत नव्हती, मजकूर ईमेलमध्ये चिकटवला की कचरा होत होता. आमच्या भागात तर आणखी एक अडचण. शेताचा उतारा, सरकारी अर्ज कन्नडमध्ये. कन्नडचे जुने फाँटही त्याच इंग्रजी जागांवर बसलेले. कन्नड मजकुराला चुकून मराठी फाँट लागला की ना कन्नड उरायची ना मराठी.

युनिकोडनं हे मुळापासून बदललं. तिथं उ ला स्वतःचा क्रमांक आहे, ०९०९. कन्नडच्या अक्षरांना त्यांचे वेगळे. एकाच ओळीत दोन्ही लिपी बसतात, एकीला जागा देण्यासाठी दुसरीला उठवावं लागत नाही. पण नुसता युनिकोड फाँट टाकूनही भागत नाही. सीडीवरून घातलेल्या एक्सपीत भारतीय लिप्यांची सोय आपोआप चालू नसायची. ती चालू केली नसेल तर ‘किसन’मधली पहिली वेलांटी क च्या पुढं जाऊन पडायची आणि जोडाक्षरं पाय मोडून वेगवेगळी उभी राहायची. वेलांटी उच्चारात नंतर येते पण लिहिताना आधी काढतात, हे सिस्टिमला समजावं लागतं. कंट्रोल पॅनेलमधल्या भाषेच्या खिडकीत एक खूण करायची, मूळ सीडी घालायची आणि मशीन पुन्हा चालू करायचं, एवढंच ते काम होतं. ते केलं की नोटपॅडपासून ईमेलपर्यंत सगळीकडं मराठी एकदम सरळ व्हायची, कारण दुरुस्ती सगळ्यांच्या खालच्या थरात झालेली असायची. उचगावातल्या आणि आसपासच्या किती मशीनवर मी ती खूण केली असेल! माझ्या कामातलं सगळ्यात समाधानाचं काम कुठलं असं कुणी विचारलं तर मी तेच सांगेन.

याचा अर्थ सजावटीचं सॉफ्टवेअर फुकट, असं मी म्हणणार नाही. एका निवृत्त गुरुजींना त्यांच्या मुलानं पुण्याहून विंडोज ८ चा लॅपटॉप पाठवला. २०१२ च्या त्या विंडोजमध्ये स्टार्टचं बटणच काढून टाकलेलं होतं. सत्तरी ओलांडलेल्या गुरुजींनी मोठ्या मेहनतीनं जी वाट पाठ केली होती ती एका रात्रीत पुसली गेली. ते दोन महिने लॅपटॉपला हात लावत नव्हते. मी क्लासिक शेल नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकलं, दहा मिनिटांचं काम. जुना स्टार्ट मेन्यू जागेवर आला. गुरुजींनी स्वतः बटण दाबलं, शब्द लिहायचा प्रोग्रॅम उघडला आणि म्हणाले, “आता माझं घर मला सापडलं.” ज्याच्या हाताला आणि डोळ्याला जशी सवय, तसा पडदा करून देणं हे या सॉफ्टवेअरचं खरं काम. अक्षर मोठं करणं, रंग गडद करणं, रोजचं हत्यार हाताशी ठेवणं यात ते सिस्टिमलाही मागं टाकतं, कारण सिस्टिम कोट्यवधी लोकांसाठी एकच माप शिवते.

पण त्या क्लासिक शेलचं पुढं काय झालं तेही सांगायला हवं. डिसेंबर २०१७ मध्ये ते लिहिणाऱ्यानं काम थांबवलं. विंडोज १० तेव्हा वर्षातून दोनदा मोठे बदल करायचं आणि दर वेळी काहीतरी मोडायचं, हे त्याचं एक कारण होतं. इतरांनी तो वारसा पुढं चालू ठेवला, तरी मर्यादा तीच. ज्या जमिनीवर तुम्ही मांडव घातला ती जमीन दुसऱ्याची असली, की त्यानं नांगर फिरवला तर मांडव उतरवावा लागतो.

खरा धोका सोंग इतकं हुबेहूब असण्यात आहे की मालकच फसतो. एका संस्थेतून मला फोन आला, “प्रिंटर घेतलाय, सेव्हन आहे, ड्रायव्हर घेऊन ये.” मी विंडोज ७ चा ड्रायव्हर घेऊन गेलो. टास्कबार सेव्हनचा, आयकॉन सेव्हनचे, पण ड्रायव्हर काही बसेना. मी विंडोजचं बटण आणि आर दाबून ‘विनव्हर’ लिहिलं. जी खिडकी उघडली तिच्यावर चित्र विंडोज ७ चं होतं, खाली मजकूर होता: व्हर्जन ५.१, बिल्ड २६००. व्हिस्टाचा आकडा ६.० असतो, सेव्हनचा ६.१. ५.१ म्हणजे एक्सपी. कुणीतरी मशीन विकताना वेष चढवून दिलं होतं.

ही गोष्ट २०१५ ची. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ लाच संपला होता. म्हणजे वर्षभर त्या संस्थेचे हिशेब अशा मशीनवर चालले होते, ज्याच्या भेगा बुजवायला कुणी येणार नव्हतं, आणि सेक्रेटरी काकांना मनापासून वाटत होतं की आपलं सेव्हन आहे, आपण सुरक्षित आहोत. मी त्यांना सगळं समजावलं आणि मशीन बदलायला लावलं. दोन वर्षांनी, १२ मे २०१७ ला, वॉनाक्राय नावाचं खंडणी मागणारं सॉफ्टवेअर जगभर पसरलं. ज्या भेगेतून ते शिरलं ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं, पण ते आधार चालू असलेल्या विंडोजना. एक्सपीला ते हल्ला झाल्यावर, अपवाद म्हणून मिळालं. त्या आठवड्यात काकांनी मुद्दाम दुकानात येऊन चहा पाजला.

आता पुन्हा तीच वेळ आली आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ची चिप लागते आणि आमच्याकडची बरीच जुनी मशीन त्यात बसत नाहीत. कॉलेजची मुलं येतात आणि म्हणतात, “दादा, इलेव्हनसारखं दिसेल असं काहीतरी टाका की.” मी त्यांना नाही म्हणत नाही. पडदा आपल्या आवडीचा असावा ही इच्छा रास्त आहे. पण आधी त्यांना विनव्हर उघडून आकडा वाचायला लावतो. मग विचारतो, डेटाची प्रत कुठं आहे? मशीन ११ घेत नसेल तर लिनक्स चालेल का, तुझे रोजचे प्रोग्रॅम त्यावर चालतात का, हे बघतो. या गोष्टी झाल्या की रंगरंगोटी करतो, तीही सिस्टिमच्या फाइली न फोडणाऱ्या सॉफ्टवेअरनं.

वाचणाऱ्यांनाही माझं एवढंच सांगणं आहे. आज घरी गेल्यावर एकदा ‘विनव्हर’ लिहून बघा. जुनं मशीन विकत घेताना पडदा बघून पैसे देऊ नका, तो आकडा बघून द्या. आणि तुमच्या जुन्या मराठी फाइली अजून कृतिदेवात असतील तर त्या वेळ काढून युनिकोडमध्ये आणा.

माझ्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कॅबिनेटच्या मागच्या पत्र्यावर मी मार्करनं दोन ओळी लिहितो. आत खरं कुठलं व्हर्जन आहे, आणि त्याचा आधार कुठल्या तारखेला संपतो.